सुभेदारांची चारशे पावलं

पंक्चर निघेपर्यंत सुभेदार फौजेचं नाव काढत नसत. कनेरगाव नाक्यावर, धाब्यांच्या ओळीत अगदी शेवटी, त्यांचं टायर-पंक्चरचं दुकान होतं. गिऱ्हाईक बाकड्यावर बसलेलं असे, सुभेदार ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत असत, आणि गप्पा चालत त्या पिकापाण्याच्या, सोयरिकीच्या. चाक बसलं, माणसानं किक मारली, गाडी फटफट करायला लागली, की मग हात पुसत ते जवळ येत.

"एक इचारायचं होतं. राखीव फौजेत येता का?"

"मग मघाशी काहून न्हाई बोलले? अर्धा तास बसलोच होतो की!"

"मघाशी तुमची गाडी माझ्या ताब्यात होती. अडकलेल्या माणसाला इचारणं म्हंजे जबरदस्ती."

बहुतेक लोक हसत, गिअर टाकत आणि निघून जात. सुभेदार त्यांना हात करत आणि पुन्हा बादलीपाशी येऊन बसत. वर्षाकाठी एखादा माणूस मात्र थोडं पुढे जाऊन गाडी वळवून परत येई.

राखीव फौज म्हणजे काय हे मलाही लग्नानंतरच कळलं. पूर्ण वेळचे शिपाई सीमेवर असतात. राखीव फौजेतला माणूस आपलं शेत, आपलं दुकान सांभाळतो आणि वर्षातून दोन महिने बोलावणं आलं की वर्दी घालून सरावाला जातो. देशावर वेळ आली तर कधीही जावं लागतं, ते वेगळं. आपल्याकडे कोणाला धरून नेत नाहीत. ज्याला यायचं तो येतो, आणि नको झालं तर अर्ज देऊन नाव कमी करून घेतो. सुभेदारांना ह्याच गोष्टीचा मोठा अभिमान होता आणि झोप उडायची तीही ह्याच गोष्टीनं, कारण अर्ज देणं फार सोपं होतं.

खरं तर ते सुभेदार नव्हतेच. राखीव फौजेत वीस वर्षं काढून ते हवालदार म्हणून घरी आले होते. सुभेदार हे नाव नाक्यावरच्या धाबेवाल्यांनी दिलं. कोणी "राम राम सुभेदार" म्हटलं की ते न चुकता सांगत, "हवालदार." आणि समोरचा न चुकता म्हणे, "व्हय सुभेदार."

ते सगळ्यांना 'तुमी' म्हणत. लहान लेकरांना, भांडकुदळ गिऱ्हाइकांना, स्वतःच्या शेळीलासुद्धा. "सरका जरा तिकडं," असं शेळीला म्हणताना मी स्वतः ऐकलं आहे. ती सरकली नाही. सुभेदार खुर्ची उचलून दुसरीकडे गेले.

आणि त्यांची सगळ्यांना माहीत असलेली सवय म्हणजे तीनदा विचारण्याची. कोणाचा पहिला होकार ते घेतच नसत. धाब्यावर चहा पाजायचा तरी "घेता का?" "घेणार का?" "मनापासून घेता का?" असं तीनदा विचारत. तोवर चहावाल्यानं कप भरून पुढे ठेवलेला असे. ते म्हणत, पहिला हो तोंडाचा असतो, दुसरा भिडेचा असतो, तिसरा निघाला तरच तो त्या माणसाचा. ह्या सवयीपायी त्यांनी एक सोयरीक मोडली होती. ती हकीकत त्यांच्या बायकोनं, काकूंनीच, मला सांगितली.

औंढ्याला त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला सगळे गेले होते. पोहे झाले, बैठक जमली, दोन्हीकडची माणसं खूश. सुभेदार मधेच मुलीकडे वळून म्हणाले, "ताई, तुमाला हे स्थळ पसंत हाय का?" मुलीनं मान डोलावली. त्यांनी पुन्हा विचारलं. ती "व्हय" म्हणाली. लोक आवरायला लागले तर ह्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. मुलीनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "न्हाई. मला नर्सिंगला जायचं हाय."

जीपमधून परत येताना कोणी सुभेदारांशी बोललं नाही. त्यांचे भाऊ, पुतण्याचे वडील, तर खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. अर्ध्या वाटेत मागच्या सीटवरून पुतण्या हसायला लागला. "काका, मला बी न्हाई करायचं होतं इतक्यात. पण मला कोणी एकदा बी इचारलं न्हाई."

काकूंना ह्या सगळ्याचा वैताग होता. मी एकदा त्यांच्याकडे बसले असताना त्यांनी आतून विचारलं, "भाजी कोणती करू?"

"तुमाला कोणती करू वाटते?"

"अहो, एकदा तरी हुकूम सोडा! नवऱ्याचा हुकूम मोडण्यात बी मजा असती म्हणतात. इतकी वर्सं झाली, ती बी तुमी मला मिळू दिली न्हाई."

सुभेदार विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "मंग वांग्याची करा." काकूंनी ताबडतोब मेथी निवडायला घेतली आणि दिवसभर खुशीत होत्या.

दुसरे लोक फौजेसाठी माणूस बघताना त्याची छाती बघतात, उंची बघतात. सुभेदार त्याच्या घरी जात आणि बघत की हा दोन महिने गेला तर इथलं काय बंद पडेल. ते एका वहीत लिहून ठेवत. एका माणसाच्या नावाखाली लिहिलं होतं, 'म्हैस ह्याच्याच हाताला दूध देते.' आता अशा कारणावरून कोणी फौज सोडतं का, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण त्या म्हशीच्या दुधावर घर चालत होतं आणि तो माणूस सरावाला गेला की ती कोणाला कासेला हात लावू देत नसे. दुसऱ्या वर्षी तो नाव काढून घ्यायला निघाला होता. सुभेदार त्याच्या घरी गेले आणि त्याच्या बायकोला म्हणाले, "बाई, त्यांचा न धुतलेला सदरा हाय का?" तिनं तो सदरा लुगड्यावर घालून म्हशीखाली बसायचं ठरलं. अख्खी गल्ली बघायला जमली. म्हशीनं हुंगलं, मान वळवून बाईचं तोंड बघितलं, पुन्हा सदरा हुंगला आणि अर्धी बादली दूध दिलं. सुभेदार म्हणाले, "निम्मी फसली, निम्मी राजीखुशीनं आली." तो माणूस अजून फौजेत आहे.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या मालकांचा होकार तीनदा झालेला होता. आमचं गाव नाक्यापासून तीन कोस आत. मला वाटलं, मालकांना भेटायला आले असतील. पण ते ओट्यावर बसून दाराकडे तोंड करून म्हणाले, "सूनबाई, ह्यांना दोन महिने नेलं तर तुमची काय तकलीफ होईल?"

माझी शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन आल्यापासून घरात कोणत्याही गोष्टीत मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही कधी आपण होऊन बोलले नव्हते. मी आत पळाले. ते चहा पिऊन गेले. चार दिवसांनी पुन्हा आले, तेच विचारलं, मी पुन्हा चुलीपाशी. सासूबाई म्हणाल्या, "ती न्हाई बोलायची. तिचं मी सांगते." ते म्हणाले, "तुमचं तुमी सांगा. त्यांचं त्या सांगतील." तिसऱ्यांदा आले तेव्हा मी दाराआडून म्हटलं, "सोंगणीच्या वक्ताला बोलावणं आलं तर?"

सोंगणी म्हणजे सोयाबीनची कापणी. आमच्याकडे सगळ्यांचं सोयाबीन एकाच आठवड्यात वाळतं. त्या आठवड्यात मजूर मिळत नाही, आणि उशीर झाला की शेंगा उभ्या झाडावर तडकून दाणे मातीत जातात. वर्षाचं पीक चार-पाच दिवसांवर येऊन टेकलेलं असतं.

सुभेदारांनी वही काढली, माझं बोलणं जसंच्या तसं लिहिलं आणि म्हणाले, "हे बराबर बोलल्या. सोंगणीच्या वक्ताला बोलावणं आलं तर ती जबाबदारी माझी."

चार वर्षं बोलावणं उन्हाळ्यात येत गेलं. पाचव्या वर्षी पत्र आलं ते दसऱ्याच्या तोंडावर, दोन महिन्यांचं. आमचं ओढ्याकाठचं दोन एकर सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं.

त्या सुमाराला आमच्या भागातून राखीव फौजेत जाणारे अकरावरून सहावर आले होते. मालकांनी पत्र वाचून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "ह्या खेपेला जातो. पण सोयाबीन घरात आलं न्हाई, तर परत आल्यावर पहिलं काम अर्जाचं." हे बोलणं नाक्यापर्यंत गेलं. बाकीचे पाच जणही म्हणायला लागले, ह्याचं काय होतं ते बघू, मग आपण ठरवू. सुभेदारांना कळून चुकलं होतं की आता सगळं आमच्या दोन एकरांवर आहे.

आणि एक मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मालकांनी फौज सोडावी असं मला वाटत नव्हतं. सरावाहून आले की ते पंधरा दिवस स्वतःच्या अंथरुणाची घडी स्वतः घालत. पण त्याहून मोठं म्हणजे, तहसीलमध्ये, बाजारात, कुठंही कोणी काही विचारलं तर ते मान वर करून उत्तर देत. मला ते फार आवडे.

मालक गेले आणि आठव्या दिवशी सुभेदार ओट्यावर येऊन बसले. "सूनबाई, रविवारी इर्जिक घालू."

इर्जिक आमच्याकडची जुनी रीत आहे. कोणाचं काम अडलं की बाकीचे आपापली औतं, विळे घेऊन त्याच्या शेतात जातात आणि दिवसभर राबतात. शेतवाल्यानं फक्त जेवण घालायचं. ज्याच्या शेतात इर्जिक झाली त्यानं पुढे दुसऱ्याच्या इर्जिकीला जायचं. हल्ली यंत्रं आल्यापासून ती बंदच पडत चालली होती. आमच्या गावात तर त्या आठवड्यात जो तो आपल्याच शेतात होता. म्हणून सुभेदारांनी बाहेरून माणसं जमवली. सरावाला गेलेल्या बाकीच्या पाच जणांच्या घरच्या बाया, त्यांचे भाऊ, आणि त्यांच्याबरोबर नोकरी केलेले चार-पाच म्हातारे शिपाई. लांबच्या साखरा गावापासूनची माणसं होती त्यात. एकूण बावीस. प्रत्येकानं आपली स्वतःची सोंगणी एक दिवस मागे टाकली होती.

इर्जिकीत शेतवाल्यानं सकाळी तिथं जायचं नसतं. गेलं तर राबणाऱ्यांवर नजर ठेवल्यासारखं दिसतं. जेवण घेऊनच जायचं. म्हणून मी आणि सासूबाई पहाटेपासून वरण-बट्टीला लागलो. सुभेदार म्हणाले, "शेत दाखवायला कोणी नको. उन्हाळ्यात मी मोजून गेलोय. ओढ्याच्या पुलापासून चारशे पावलं, डाव्या अंगाला." फौजेत त्यांना एका मापाचं पाऊल टाकायला शिकवलं होतं आणि त्यांचा त्या पावलावर मोजणीच्या सरकारी साखळीपेक्षा जास्त भरवसा होता.

दुपारी बाराच्या सुमारास बट्ट्यांची टोपली, वरणाचं भगुणं आणि वांग्याची भाजी ऑटोत घालून मी शेतावर पोचले. उतरून आधी आमच्या शेताकडे बघितलं.

आमचं सोयाबीन जसंच्या तसं उभं होतं. त्याच्या अलीकडचं, बांधकऱ्याचं सोयाबीन जवळजवळ सगळं कापून झालं होतं.

बांधकरी म्हणजे ज्याच्या आणि आमच्या शेताला एकच बांध आहे तो शेजारी. त्या बांधावरच्या एका बाभळीवरून त्यांचं आणि आमचं तीन वर्षं बोलणं बंद होतं. नाक्यावर बसून सुभेदारांच्या फौजेची सगळ्यात जास्त टिंगल करणारे तेच होते. "घरी बसून फौज? मंग माझी म्हातारी बी जनरल हाय," असं म्हणायचे. त्या दिवशी ते कुटुंबाची दाढ दाखवायला हिंगोलीला गेले होते.

सुभेदार बांधावर उभे होते. तोंडावर असा आनंद की मला बघवेना. "या सूनबाई! बघा, कापणाऱ्यांची पात कशी सरळ चालून राहिली!"

"काका, हे..." मी म्हटलं. 

"बोला की."

"हे आपलं..."

"आपलंच समजून करून राहिलो, बाई!" साखऱ्याचा एक म्हातारा शिपाई वाकलेलाच ओरडला. "काळजी नका करू!" सगळे हसले. बावीस माणसं, आपापलं पीक सोडून आलेली, हात काळे झालेले, सकाळपासून वाकलेली. त्यांना काय सांगायचं? मी टोपली बाभळीखाली ठेवली. एक विळा मोकळा पडला होता तो घेतला. बांध ओलांडून आमच्या शेतात गेले आणि एकटीच पहिल्या तासाला, म्हणजे पहिल्या ओळीला, लागले.

थोड्या वेळानं मागून कोणीतरी म्हणालं, "जेवण ठेवून बाई तिकडं काहून गेली?" मग सुभेदारांच्या चालण्याचा आवाज आला. एक पाऊल नीट, एक ओढत.

"सूनबाई, ते दुसऱ्याचं हाय. कोणी बघितलं तर काय म्हणंल?"

मी मान खालीच ठेवली. "हे आमचं हाय, काका. ते बांधकऱ्याचं."

 मी वर पाहिलं. सुभेदार एकदा ह्या शेताकडे बघत होते, एकदा त्या शेताकडे. त्यांनी वही काढली, वाचली. मग त्यांनी स्वतःच्या उजव्या गुडघ्याकडे पाहिलं. पोळ्याच्या सुमाराला ट्रकचं चाक उतरवताना तो दुखावला होता.

"पावलं चारशेच टाकली," ते हळू म्हणाले. "पाऊल लहान झालंय. मला कळलं न्हाई." आणि ते बांधावर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

तोवर सगळे गोळा झाले होते. साखऱ्याच्या म्हाताऱ्यानं डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं. "म्हंजे सुभेदार, सकाळधरनं आपण दुश्मनाच्या मुलखात होतो व्हय?"

एक-दोघं हसले. सुभेदार हसले नाहीत. ते उठून उभे राहिले, पाय जुळवले, आणि म्हणाले, "चूक माझी हाय. आता सगळे जेवून घ्या. मला तुमाला एक इचारायचं हाय, पण ते जेवल्यावर. उपाशी माणसाला इचारायचं नसतं."

माणसं जेवली. वरण चांगलं झालं होतं असं सगळे म्हणाले, पण कोणाचं लक्ष जेवणात नव्हतं. पूर्वेकडून ढग चढत होता. कापलेलं पीक झाकता येतं, उभं झाकता येत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

हात धुवून झाल्यावर सुभेदार म्हणाले, "तुमी एका शेतासाठी आले होते. एक होत आलंय. आता दुसरं हाय. घरी तुमचं बी पीक उभं हाय. ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं, माझा राम राम घेऊन जावं. कोण थांबता का?"

 मग एक बाई उठली. "माझी म्हैस पाचाला दारात वरडती. जाते मी." तिच्याबरोबर आणखी दोघी उठल्या, एक म्हातारे कंबर धरून उठले. सुभेदारांनी प्रत्येकाला उभं राहून सलाम केला. कोणी त्यांना टोमणा मारला नाही. ती माणसं पुलाकडे चालायला लागली आणि मी बघत राहिले. मला वाटलं, आता एकेक करून सगळेच उठतील. चूक तर त्यांची नव्हतीच.

"थांबू शकता का कोणी?" सुभेदारांनी पुन्हा विचारलं.

साखऱ्याची एक बाई होती, तिचा नवरा माझ्या मालकांबरोबरच सरावाला गेला होता. ती कंबरेला पदर खोचत उठली. "सुभेदार, तुमी तिसऱ्यांदा इचारीपर्यंत माझी दोन तासं कापून व्हतील. सरका बाजूला." तिनं विळा उचलला आणि आमच्या शेतात शिरली. मग म्हातारा शिपाई उठला. मग बाकीचे. अठरा जणांनी पात धरली. सुभेदार सरकले, मग त्यांनीही एक विळा घेतला आणि गुडघा वाकत नव्हता म्हणून जमिनीवर बसून, सरकत सरकत कापायला लागले.

चारच्या सुमारास बांधकऱ्याची मोटरसायकल आली. मागे कुटुंब, गालावर रुमाल.

"कोण हाय रे? कोण हाय माझ्या वावरात?" ते लांबूनच ओरडत आले. आणि आपल्या रिकाम्या शेतात येऊन उभेच राहिले. कापलेल्या सोयाबीनचे ढीग एका ओळीत, सारख्या अंतरावर लागलेले होते. फौजेची माणसं, त्यांना ढीगसुद्धा वाकडा लावता येत नाही.

"माझं सोयाबीन काहून कापलं?"

"पिकलं होतं," म्हातारा शिपाई म्हणाला.

"चूक माझी झाली," सुभेदार बसल्या जागेवरून म्हणाले. "मोजण्यात चुकलो. नुकसान झालं असंल ते सांगा."

बांधकरी ढिगाभोवती फिरले. एक पेंढी उचलली, शेंग फोडून दाणा दातानं चावला. खाली वाकून माती बघितली, दाणे सांडलेत का म्हणून. त्यांना रागवायचं होतं आणि कारण सापडत नव्हतं. शेवटी पेंढी खाली टाकून म्हणाले, "आठ दिसांपासून मजूर धुंडून राहिलो. एक माणूस मिळाला न्हाई."

"मिळाले की बावीस," साखऱ्याची बाई म्हणाली. "इर्जिक तुमच्या वावरात झाली. मंग जेवण तुमच्याकडं."

"तुमी जेवले न्हाई का?"

"ते ह्या बाईच्या वावराचं होतं. तुमच्या वावराचं राहिलं."

त्यांच्या कुटुंबानं गालावरचा रुमाल काढला. दाढ उपटलेली, बोलता येत नव्हतं. तिनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं, गाडीवरून पिशवी काढली आणि चहा-पोह्यांसाठी घराकडे चालायला लागली. जाताना तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. तीन वर्षांनी.

बांधकरी तिथंच घुटमळत राहिले. आम्ही कापत होतो. सुभेदार त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हते. शेवटी त्यांनाच राहवेना.

"सगळ्या दुनियेला तीनतीनदा इचारता म्हणं. मला एकदा बी न्हाई इचारत?"

"तुमाला कसं इचारू?" सुभेदार म्हणाले. "तुमचं काम आमी करून बसलोय. तुमी अडकले हाव. आत्ता इचारलं तर ती जबरदस्ती व्हईल."

बांधकऱ्यांनी चपला काढल्या आणि बांधावर आपटल्या. "मी तुमच्या फौजेत न्हाई, आधीच सांगतो."

"न्हाईच."

"आन् ह्या घराशी माझं बोलणं बी न्हाई."

"नका बोलू. कापायला काय बोलावं लागतं?"

ते बांध ओलांडून आले आणि माझ्या शेजारची पात धरली. त्यांचा हात फार जलद होता. अर्ध्या तासात ते माझ्या पुढे गेले, आणि मग मागे वळून माझ्या पातीतलं चार हात कापून दिलं. बोलले काहीच नाहीत.

दिवस मावळायच्या आत आमचं शेवटचं तास झालं. ताडपत्र्या टाकल्या, दोन्ही शेतांत. सगळ्यांनी बांधावर बसून पोहे खाल्ले. ढग मात्र थेंबही न टाकता तसाच वाशिमकडे निघून गेला. म्हातारा शिपाई म्हणाला, "बघा, इतक्या माणसांना बघून तो बी माघारी गेला."

मालक परत आले त्या संध्याकाळी सुभेदार आमच्या ओट्यावर आधीच बसलेले होते. त्यांनी खिशातून कोरा कागद काढून मालकांपुढे ठेवला. "अर्ज लिहायचा म्हणत होते तुमी."

मालकांनी आत डोकावून सोयाबीनची पोती बघितली. हकीकत त्यांना वाटेतच तीन माणसांकडून कळली होती, तीन तऱ्हांनी. ते म्हणाले, "मी बोललो होतो, घरात आलं न्हाई तर. आलं की." बाकीच्या पाच जणांतही कोणी अर्ज दिला नाही. पुढच्या वर्षी तर एक नवा आला.

तेव्हापासून दर वर्षी, कोणाचं काम अडलं की सुभेदार फोन करत आणि माणसं जमत. बांधकरीही येत. फौजेला नावं ठेवत येत, पण येत.

मागच्या उन्हाळ्यात सुभेदार वारले. दुकान बंद झालं. आणि ह्या दसऱ्याच्या आधी पुन्हा बोलावणं आलं, साखऱ्याच्या त्या बाईच्या नवऱ्याला आणि माझ्या मालकांना. दोघं गेले. आठ दिवसांनी तिचा मला फोन आला. तिचं सोयाबीन वाळलं होतं. ती म्हणाली, "बोलावणार कोण आता? माझ्याच कामाला मीच कशी बोलावू?"

मी म्हटलं, "मी बोलावते." तोंडातून निघून गेलं ते. मग सकाळभर मोबाईल हातात घेऊन बसले. माझा आवाज लोकांना ऐकूच जात नाही, असं सासूबाई म्हणतात ते खरं आहे. शेवटी ठरवलं, सुभेदारांसाठी येई पण माझ्या शब्दाला जो नक्की नाही म्हणेल त्यालाच आधी लावायचा, म्हणजे अवघड ते एकदाचं होऊन जाईल. बांधकऱ्यांना लावला.

"कोण?"

मी नाव सांगितलं.  आमच्या घराशी त्यांचं बोलणं अजून सुरू झालेलं नव्हतं.

"साखऱ्याला सोंगणी हाय," मी म्हटलं. "इर्जिक. परवा."

"किती वाजता निघायचं?"

"सहाला."

"सहाला निघालं तर काम सुरू होईतो ऊन लागतं," ते म्हणाले. "साडेपाच करा. मी गाडी घेऊन नाक्यावर थांबतो."